करवतीने कापलेले धनुष्य

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या १७ वर्षांच्या आदिती स्वामीने महिलांचे वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे. ओजसने अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील छायाचित्रे ज्यांनी निरखून पाहिली असतील, त्यांना या दोघांच्या हातांतील आयुध जरा विचित्र वाटले असेल. दिनदर्शिकेवरच्या श्रीरामाच्या खांद्यावर दिसते, तशी त्या धनुष्याला डौलदार कमान नव्हती. आखूड, धातूच्या मुठीचे, दोन्ही टोकांना चाके आणि मध्ये एकमेकींना छेदून जाणाऱ्या दोऱ्या असलेले ते एक यंत्रच दिसत होते. त्याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. धनुष्याला ही चाके प्रथम ज्यांनी लावली, त्या हॉलिस विल्बर ॲलन यांच्या डोळ्यांपुढे मात्र ना पदक होते, ना लक्ष्यफलकाची रंगीत वर्तुळे. त्यांच्या डोळ्यांपुढे होते एक हरीण, आणि तेही हातून निसटणारे.

ॲलन यांचा जन्म १९०९ चा. अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या मिसुरी राज्यातील बिलिंग्ज या लहानशा गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करण्याचा छंद पुन्हा रुजू लागला होता. बंदूक हाताशी असताना मुद्दाम धनुष्य घेऊन रानात जाणारी ही मंडळी होती. परवाना काढायचा, ठरलेल्या हंगामात जायचे आणि जनावराच्या वीस-पंचवीस मीटर जवळ पोहोचेपर्यंत श्वास रोखून वाट पाहायची, ही त्या छंदाची रीत. ॲलन याच पंथातले. त्या काळी शिकाऱ्यांच्या हाती रिकर्व्ह धनुष्य असे. लाकूड आणि फायबरग्लास यांचे थर चिकटवून केलेले, टोकांशी बाहेरच्या बाजूस वळलेले. दिसायला सुंदर, वापरायला साधे. पण हरणापुढे ते कमी पडत होते.

कमी पडण्याचे कारण हरणाच्या कानांत होते. दोरी सुटली की टणत्कार होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावतो, तर त्या वेळच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ५५ ते ६० मीटर. पंचवीस मीटरवरच्या हरणाला आवाज सेकंदाच्या सातशतांश भागात पोहोचतो आणि बाण मात्र त्याच्या बऱ्याच मागून, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. मधल्या त्या एवढ्याशा अवधीत सावध हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो. निदान तो तसा निघून जावा, अशी प्रार्थना करावी. कारण अर्धवट लागलेला बाण जनावराला मारत नाही, तो त्याला घेऊन रानभर धावायला लावतो. शिकारीविषयी आपले मत काहीही असो, हा प्रश्न केवळ शिकाऱ्याच्या प्रतिष्ठेचा नव्हता, हे मान्य करावे लागेल.

उपाय उघड होता. बाण वेगवान हवा, म्हणजे धनुष्य अधिक ताठ हवे. पण धनुष्य ताठ केले की माणूस हरतो. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितका ताण वाढत जातो आणि दोरी गालापाशी येते तेव्हा तो सर्वाधिक असतो. नेमका तोच क्षण स्थिर राहण्याचा असतो. डोळा लक्ष्यावर, श्वास आवरलेला, आणि हाताला मात्र कंप सुटलेला. हजारो वर्षे जगभरच्या धनुर्धरांनी या विसंगतीवर एकच तोड काढली होती, ती म्हणजे दंड कमवा आणि सराव वाढवा. शिवधनुष्य उचलण्याची कथा आपल्याकडे पराक्रमाची कसोटी म्हणून सांगितली जाते, ती उगीच नव्हे. धनुष्याचे बळ म्हणजे ते ओढणाऱ्याचे बळ, हे समीकरण कोणी तपासूनही पाहिले नव्हते.

ॲलन यांनी ते तपासले. दंडाऐवजी त्यांनी कप्पीचा विचार केला. विहिरीवर ज्याने कधी पाणी शेंदले आहे, त्याला कप्पीचा गुण समजावून सांगायला नको. रहाटावरून दोर फिरवला की घागर जड राहत नाही. पण एवढ्याने धनुष्याचे काम भागत नव्हते, कारण साधी कप्पी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच मदत करते. ॲलन यांना मदत हवी होती ती शेवटी, दोरी गालाशी आल्यावर. तेव्हा त्यांनी चाकाचा आस मध्यावर न ठेवता बाजूला सरकवला. जत्रेतल्या खेळण्याचे चाक आस सरकल्यामुळे डुगडुगत धावते, तसे हे चाक. त्यांनी आपल्या रिकर्व्ह धनुष्याची दोन्ही टोके करवतीने कापून टाकली आणि तेथे ही चाके बसवली.

त्या चाकांत काय घडते, ते पहारेच्या उदाहरणाने कळेल. पहारेचे आखूड टोक हाती असेल तर धोंडा हलत नाही, लांब टोक हाती आले की तोच धोंडा हलका होतो. आस बाजूला असलेले चाक फिरू लागले की सुरुवातीला तिरंदाजाच्या वाट्याला जणू आखूड टोक येते आणि ताण झपाट्याने चढतो. चाक पुढे फिरते तसे ते टोक लांब होत जाते आणि ताण उतरू लागतो. टेकडी चढून पलीकडच्या उतारावर पाय टाकावा तसे. तिरंदाज या घटीला लेट-ऑफ म्हणतात. आज ८० टक्के घट असलेले धनुष्य सर्रास मिळते. त्यात ओढताना ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो ताण सोसावा लागला, तरी पूर्ण ओढून धरताना हातावर जेमतेम साडेपाच किलो उरतात. ॲलन यांच्या आरंभीच्या धनुष्यांत ही घट पुष्कळच कमी होती, पण तत्त्व तेच होते. ऊर्जा अर्थात कोठून फुकट येत नाही. ताण लवकर चढतो आणि बराच वेळ चढलेला राहतो, त्यामुळे एकंदर श्रम अधिक साठतात, ते धनुष्याच्या ताठ भुजांत दबून राहतात आणि दोरी सुटताच बाणाला मिळतात. आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला ९० मीटरच्या आसपास जातो.

येथे एका घोटाळ्याचा उल्लेख करायला हवा. मराठीत कंपाउंडला पुष्कळदा संयुक्त धनुष्य म्हटले जाते आणि वाचकाला वाटते की शिंग, स्नायुतंतू आणि लाकूड यांच्या मिश्रणातून घडवलेले, संग्रहालयांत दिसणारे तुर्की वा मोगली धनुष्य ते हेच. ते धनुष्य मिश्र द्रव्यांचे. हे मिश्र यंत्राचे. दोहोंचा परस्पर संबंध नाही, आणि म्हणूनच कंपाउंड हा परका शब्द येथे तसाच ठेवलेला बरा.

ॲलन यांनी २३ जून १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. ३० डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. क्रमांक ३४८६४९५. मधली साडेतीन वर्षे सोपी नव्हती. प्रस्थापित धनुष्य-उत्पादकांना या चाकांच्या लटांबरात सुरुवातीला फारसा रस वाटला नाही, आणि त्यांना दोष तरी किती द्यावा? पिढ्यान्पिढ्या हाताने घडवलेल्या देखण्या वस्तूवर कोणी कप्प्या आणि तारा लटकवून आणल्या, तर कारागिराला ती आधी विटंबनाच वाटणार. त्यांतून पुढे आले ते कॅलिफोर्नियाचे टॉम जेनिंग्ज. ते स्वतः धनुष्ये बनवत आणि तिरंदाजीच्या मासिकात तांत्रिक लेखनही करत. त्यांनी हे धनुष्य हाती घेऊन पाहिले, त्याची क्षमता ओळखली, ॲलन यांच्याकडून परवाना घेतला आणि कंपाउंड धनुष्य मोठ्या प्रमाणावर बनवून बाजारात आणले. ॲलन यांची स्वतःचीही कंपनी होती, पण जगाला कंपाउंड ठाऊक झाले ते मुख्यतः जेनिंग्ज यांच्या कारखान्यामुळे.

वादही तेव्हाच पेटला. हे धनुष्य की यंत्र, असा प्रश्न क्लबांत, संघटनांत आणि राज्यांच्या शिकार-नियमांच्या चर्चेत उपस्थित झाला. बंदुकीच्या हंगामाहून वेगळा आणि बहुधा अधिक दिवसांचा हंगाम धनुर्धरांना मिळतो, तो त्यांचे साधन दुबळे आणि अवघड म्हणून. ते तसे उरलेच नाही, तर वेगळ्या हंगामाला आधार काय? या आक्षेपात तथ्य होते, आणि मूळ युक्तिवादाला आजही पुरते उत्तर मिळालेले नाही. बाजाराने मात्र आपला निकाल लवकर दिला. सत्तरचे दशक संपेपर्यंत अमेरिकन शिकाऱ्यांमध्ये कंपाउंडने जुन्या धनुष्याला मागे टाकले होते. बलदंड नसलेले पुरुष, स्त्रिया, वय झालेले लोक असे कितीतरी नवे हात या छंदाकडे वळले.

या यशाचा हिशेब चुकता होताना ॲलन हयात नव्हते. १९७९ च्या जून महिन्यात मिसुरीत झालेल्या मोटार-अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तोवर स्वामित्वशुल्कावरून कटुता आली होती, आणि दैवदुर्विलास असा की सर्वांत मोठा तंटा जेनिंग्ज यांच्याच कंपनीशी होता. ज्या माणसाने शोध जगापुढे नेला, त्याच्याच कंपनीशी ॲलन यांच्या कंपनीला न्यायालयात लढावे लागले. हे पेटंट मुळात वैध आहे का, कप्पी तर सर्वांना ठाऊकच होती, मग यात नवे ते काय, असा तो झगडा होता. शोध लागून गेल्यावर तो सोपा वाटतो, हीच पेटंटच्या खटल्यांतली जुनी अडचण. कॅलिफोर्नियातील हा खटला अपील न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये ॲलन यांच्या बाजूने निकाल लागला. जेनिंग्ज हे नाव पुढे बेअर आर्चरी या कंपनीकडे गेले. ही तीच कंपनी, जिने रिकर्व्ह धनुष्याच्या बळावर शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या घडवल्या होत्या. ब्राउनिंग या बड्या उत्पादकाशी चाललेल्या दाव्यातही ॲलन यांचे पेटंट टिकले. तो अपिलाचा निकाल १९८७ चा. त्याच्या काही महिने आधीच, १९८६ अखेरीस, पेटंटची १७ वर्षांची मुदत संपलेली होती.

लक्ष्यवेधी तिरंदाजीने या धनुष्याला दार उघडायला फार वेळ घेतला. ऑलिंपिकमध्ये १९२० नंतर खंडित झालेली तिरंदाजी १९७२ मध्ये म्युनिक येथे परतली, म्हणजे ॲलन यांना पेटंट मिळून तीन वर्षेही झाली नव्हती. तेथे स्थान मिळाले ते रिकर्व्हला, आणि पुढे अर्धशतकभर ते त्याच्याकडेच राहिले. योगायोगाने १९७२ मध्येच भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यामुळे ॲलन यांच्या मनातले हरीण भारतीय तिरंदाजाच्या वाट्याला कधी आलेच नाही. त्याच्या वाट्याला आला तो ५० मीटरवरचा फलक. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंडला प्रवेश मिळाला १९९५ मध्ये जकार्ता येथे. आशियाई क्रीडास्पर्धेत २०१४ मध्ये इंचॉन येथे, आणि त्याच वेळी भारतीय पुरुष संघाने सुवर्ण जिंकले.

फलकापुढे उभे राहिल्यावर ॲलन यांच्या शोधाचा दुसराच गुण उजळला. ते वेगाच्या शोधात निघाले होते. फलक पळत नाही, त्याला कान नाहीत, म्हणून तेथे वेगाचे महत्त्व त्या मानाने कमी. तेथे मोलाची ठरते ती ताण उतरल्यानंतरची निवांत घटका. दोरी गालाशी आहे, हातावर ओझे थोडे आहे, भिंगातून सोनेरी वर्तुळ दिसते आहे आणि घाई नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या दंडात पैलवानाचे बळ नसले तरी चालते. हात स्थिर हवा आणि चित्तही. म्हणूनच कंपाउंडमधील गुणांची चढाओढ अतिशय कठोर असते. रिकर्व्हमध्ये एखादा नऊ खपून जातो, येथे पंधरा बाणांत दोन नऊ म्हणजे बहुधा पराभव. आदितीने बर्लिनची अंतिम लढत जिंकली ती १४९ विरुद्ध १४७ अशी. २०२३ च्याच शरदात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताकडे आली. त्यांपैकी तिघांवर ओजस देवतळेचे नाव होते आणि महिला संघाच्या सुवर्णावर आदितीचे. एवढे होऊनही ऑलिंपिकचे दार या खेळाडूंना बंदच होते. सातारा-नागपूरच्या मैदानांवर सराव करणाऱ्या मुलांना हे किती बोचत असेल, याची कल्पना करता येते. जगज्जेता आहे, पण ऑलिंपिकला जाता येत नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगणे सोपे नव्हे.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या कार्यक्रमात कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा समाविष्ट केली. वैयक्तिक नाही, संघांची नाही, केवळ एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या जोडीची. ती लॉस एंजेलिसमध्ये होणार आहे, म्हणजे मिसुरीत कापलेल्या त्या धनुष्याला ज्या राज्यात पहिला कारखाना मिळाला, त्याच कॅलिफोर्नियात.