आकड्यांचा कारकून : जॉन पोस्टेल

थोरांच्या चरित्रांत रणांगणे असतात, तुरुंगवास असतो, निदान जगाला थक्क करणारा एखादा शोध तरी असतो. आम्ही ज्यांची ओळख येथे करून देणार आहोत, त्या जॉन पोस्टेल यांच्या चरित्रात मुख्यतः एक नोंदवही आहे. तिच्यावाचून इंटरनेटवरील टपाल भलत्याच दारी जाऊन पडले असते.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अल्टाडीना येथे झाला. ज्या शाळेत ते शिकले, तिच्यातच व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही शिकले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पुढे हे तिघे एकत्र आले. तेथूनच २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेट या संगणकजालावरील पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले!

जाल वाढू लागले, तसा क्रमांकांचा घोळ होऊ लागला. एकच क्रमांक दोघांनी घेतला, तर संदेश जावा कोणाकडे? १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचविले की, हे वाटप एका माणसाने करावे. आणि तो माणूस होण्याची तयारीही दाखविली. क्रॉकर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या तांत्रिक टिपणांच्या मालेचे संपादनही त्यांच्याकडे आले. लांब दाढी, पायांत साध्या वहाणा आणि हाती ही दोन कामे, असा हा गृहस्थ अखेरपर्यंत राहिला.

त्यांच्या बुद्धीची खरी चमक आम्हांस १९७७ च्या एका टिपणात दिसते. त्या वेळी टी.सी.पी. ही एकच नियमावली दोन कामे करीत असे. संदेशाचे तुकडे एका जालातून दुसऱ्या जालात पुढे ढकलणे हे एक. आणि हरवलेले तुकडे पुन्हा मागवून सारे क्रमाने लावणे हे दुसरे. पोस्टेल यांनी बजावले की, ही सरमिसळ थरांच्या तत्त्वाला सोडून आहे. टपालवाल्याने पत्ता पाहावा, पाकीट फोडू नये. पत्राची पाने जुळविणे हे घेणाऱ्याचे काम. हा विचार मान्य झाला आणि पत्त्याचे काम आय.पी. या वेगळ्या, खालच्या थराकडे गेले. सप्टेंबर १९८१ मध्ये दोन्ही नियमावल्या त्यांच्याच संपादनाखाली निघाल्या आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट त्यांवर चालू लागले. त्याहून खाली तार असो वा बिनतारी लहर, आय.पी.ला त्याची फिकीर नाही. वरच्या थरातील ई-पत्रांची नियमावली पोस्टेल यांनी १९८२ मध्ये स्वतः लिहिली.

आय.पी.चा पत्ता म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते अमाप वाटले. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती कोठार रिकामे झाले.

आकडे माणसाला आठवत नाहीत, म्हणून नावांची पद्धत आली. ती पोस्टेल यांच्या सांगण्यावरून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. देशांना दोन अक्षरे देताना पोस्टेल यांनी आंतरराष्ट्रीय मानकातील तयार यादीच घेतली. देश कोणता आणि कोणता नव्हे, हे ठरविणे आपले काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते.

परंतु नोंदवही कोणाची, हा प्रश्न टळला नाही. नावांवर आता पैसा मिळू लागला होता. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी नावांची मूळ यादी ठेवणाऱ्या आठ संगणकांच्या चालकांना कळविले की, यापुढे यादी माझ्या यंत्रावरून घ्या. त्यांनी निमूटपणे ऐकले. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ही केवळ चाचणी होती, असे सांगून त्यांनी सारे पूर्ववत केले. ती निव्वळ चाचणी होती, हे आमच्या मनाला पटत नाही. तथापि आदेश देण्याचा अधिकार हाती नसता आठ जणांनी त्यांचे ऐकावे, यात त्यांनी वर्षानुवर्षे मिळविलेला विश्वास दिसतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात नोंदवहीसाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल निवर्तले. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्यांच्याच टिपणमालेत प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८.