राहणाऱ्यांना विचारून बांधलेली घरं

मैत्रिणींनो, घर बाई चालवते. पण बांधताना तिला कोण विचारतं? श्रीलंकेच्या मिनेट डिसिल्वांनी विचारलं. १९१८ साली कँडीत त्यांचा जन्म. आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी. वास्तुकला शिकायला मिनेट मुंबईत आल्या. गांधीजींच्या अटकेविरुद्धच्या संपात उतरल्या, माफी मागायला नकार दिला आणि जे. जे.तून काढल्या गेल्या. मग लंडनला शिकून १९४८ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या शाही संस्थेत निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या.

मायदेशी परतून त्यांनी काँक्रीटच्या नव्या घरांना जुन्या शहाणपणाची जोड दिली. मधलं अंगण, सावलीचा व्हरांडा, खेळता वारा, गावच्या कारागिरांनी विणलेलं कापड, मातीच्या फरशा. १९५८ च्या वाटापुलुवा वसाहतीत तर राहायला येणाऱ्यांच्या गरजा आधी विचारून दोनशेवर घरांची आखणी केली.

१९९८ मध्ये कँडीतच त्या गेल्या, तेव्हा हाताशी ना पैसा होता ना काम. त्यांची काही घरं पाडली गेली, काही मोडकळीला आली. आता त्यांच्या नावाचा गौरव होतो, छानच आहे. पण भिंतीच गेल्या तर पुढच्या मुलींना दाखवायचं काय?