एका मार्काचा ह्यूम आणि त्याची दोन घुबडं

राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा इंग्रज अधिकारी कोण? अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. एक मार्क. पुढचा प्रश्न.

खरं सांगा, तुमची आणि ह्यूमची ओळख इथंच संपते ना? माझीही संपली होती. तुमच्यापैकी जे एमपीएससी करतायत त्यांना डिसेंबर १८८५, मुंबईतली गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा आणि ७२ प्रतिनिधी एवढं पाठ असेल. पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यात व्हायचं होतं आणि कॉलऱ्याच्या साथीमुळे ते मुंबईला हलवलं, हेसुद्धा एखादा सांगेल. पण आपल्या सातपुड्यात राहणाऱ्या एका छोट्याशा घुबडाला शास्त्रीय नाव याच माणसाने दिलं, हे किती जणांना माहीत असेल?

त्या घुबडाच्या मागे लागले आणि ह्यूम सापडला. आता तुम्हीही या माझ्याबरोबर.

ह्यूमचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटमधले जहाल विचारांचे खासदार, त्यामुळे सरकारला तोंडावर खरं सुनावायची सवय घरातूनच आलेली. मुलगा १८४९ मध्ये, म्हणजे विशीत, कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात आला. तुमच्या-माझ्या वयाचा! काही वर्षांतच तो आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्याचा कारभार बघू लागला. तिथे त्याने मोफत प्राथमिक शाळा काढल्या, लोकांच्या भाषेतलं वृत्तपत्र सुरू करायला मदत केली आणि दारूच्या उत्पन्नावर सरकारने जगू नये असं वरिष्ठांना कळवलं. त्याच वेळी तो पक्षीही गोळा करत होता.

गोळा करत होता म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आज आपण गळ्यात दुर्बीण अडकवतो, फोटो काढतो आणि अ‍ॅपवर टाकतो. त्या काळी हे काही नव्हतं. पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी पाडला, हे सगळं त्या चिठ्ठीवर. ऐकायला क्रूर वाटतं, आणि ते होतंच. पण ती चिठ्ठी लक्षात ठेवा. ही सगळी गोष्ट तिच्यावरच फिरणार आहे.

१८५७ चा उठाव झाला. इटावा हातचं गेलं, ह्यूमला आग्र्याला निघून जावं लागलं. नंतर परत येऊन तो उठाववाल्यांशी लढलाही. तो इंग्रज सरकारचा नोकर होता, हे आपण झाकून ठेवायचं कारण नाही. या धामधुमीत त्याचा पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. सगळं शून्यावर आलं आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ ते १८७० या काळात तो जकात खात्याचा आयुक्त होता. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत एक सीमारेषा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचं कुंपण उभं केलं होतं. गरिबाच्या भाकरीतल्या मिठावर पहारा देणारं ते कुंपण वाढवण्याचं, सांभाळण्याचं काम ह्यूमकडे होतं. शाळा काढणारा माणूस तोच आणि हे कुंपण राखणाराही तोच. माणसं एका रंगाची नसतात, हे मला तरी इथे कळलं. या कामासाठी त्याला मैलोन्‌मैल फिरावं लागायचं आणि जाईल तिथे त्याचं पक्षी गोळा करणं चालू असायचं.

पुढे तो महसूल, शेती आणि व्यापार खात्याचा सचिव झाला. सिमल्याच्या जाखू टेकडीवरचं रॉथनी कॅसल हे घर त्याने घेतलं आणि तिथेच पक्ष्यांचं संग्रहालय थाटलं. १८७२ साली त्याने पक्ष्यांविषयीचं एक इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. नाव होतं स्ट्रे फेदर्स, म्हणजे इकडेतिकडे पडलेली पिसं. जंगल खात्यातले, लष्करातले, मुलकी खात्यातले लोक देशभरातून त्याला पक्षी आणि टिपणं पाठवायचे. आज आपण ज्याला नेटवर्क म्हणतो, ते ह्यूमने टपालाने उभं केलं होतं.

त्याच टपालातून त्याच्याकडे आपलं पहिलं घुबड आलं.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लुइट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात एक छोटं घुबड मिळवलं. आपल्या गावाकडे, कॉलेजच्या आवारात चिरक चिरक करणारा पिंगळा असतो ना, तसंच दिसणारं. पण ह्यूमच्या नजरेला फरक दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. चोच आणि डोकं जास्त दणकट. शेपटीवर रुंद पट्टे. १८७३ मध्ये त्याने ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि ब्लुइटचं नाव तिला दिलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो.

दुसरं घुबड १८७८ मधलं. मकरानच्या किनाऱ्यावरचं ओरमारा, जे आता पाकिस्तानात आहे, तिथून एका फिकट रंगाच्या घुबडाचं कातडं आलं. ह्यूमने तीही नवी जात म्हणून नोंदवली आणि कॅप्टन बटलर या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाईल अशी व्यवस्था केली. नमुना एकच. चिठ्ठी एकच.

इथून ह्यूमचे दिवस फिरले. वरिष्ठांशी त्याचं पटेना. कोणाची भीड न ठेवता बोलणं नडलं आणि १८७९ मध्ये त्याला सचिवपदावरून खाली उतरवलं गेलं. १८८२ मध्ये त्याने नोकरी सोडली. आता एकच मोठं काम राहिलं होतं. भारतातल्या सगळ्या पक्ष्यांवरचा ग्रंथ. पंचवीसेक वर्षांची हस्तलिखितं, टिपणं, पत्रं सगळी तयार होती.

१८८४ च्या सुमारास तो हिवाळा मैदानी प्रदेशात काढून सिमल्याला परतला, तर कागद जागेवर नाहीत. घरातल्या नोकराने ते चोरून बाजारात रद्दीत विकले होते.

मागच्या सेमिस्टरला माझ्या प्रोजेक्टच्या मुलाखतींचं मेमरी कार्ड माझ्याच हातून फॉरमॅट झालं. फक्त तीन मुलाखती होत्या. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. इथे एका माणसाची पंचवीस वर्षं सिमल्याच्या बाजारात पुड्या बांधायला गेली! आणि बॅकअप नावाची गोष्टच नव्हती.

ह्यूमने पुन्हा सुरुवात केली नाही. एकदा केली होती, १८५७ नंतर. या वेळी मन उडालं. मधल्या काळात तो थिऑसॉफीकडे वळला होता. त्या मंडळींशी पुढे फाटलं, पण तो शाकाहारी झाला आणि जीव मारणं त्याने सोडलं. ज्याच्या घरात हजारो पक्ष्यांची कातडी होती, त्यानेच बंदूक खाली ठेवली.

१८८५ मध्ये सगळा संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. लंडनहून रिचर्ड बाऊडलर शार्प हा पक्षितज्ज्ञ तो न्यायला सिमल्यात आला. पक्षी, अंडी, घरटी मिळून सुमारे ८२ हजार वस्तू! देवदाराच्या ४७ पेट्या भरल्या. त्याच वर्षाच्या शेवटी हा माणूस मुंबईत ७२ जणांमध्ये उभा होता. म्हणजे तुमचा तो एका मार्काचा प्रश्न, त्याच्या आयुष्यात नेमका कुठे येतो बघा. पक्षी सोडले, आणि माणसं जोडायला घेतली. देशभर पत्रं पाठवून लोक एकत्र आणायची सवय त्याला पिसांनीच लावली होती, असं मला वाटतं.

१८९४ मध्ये तो इंग्लंडला परत गेला. तिथे वनस्पती गोळा करायचं नवं वेड घेतलं, १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली, ती आजही आहे. ३१ जुलै १९१२ ला तो गेला.

माणसाची गोष्ट इथे संपते. घुबडांची संपत नाही.

ब्लुइटनंतर रानपिंगळ्याचे आणखी मोजके नमुने मिळाले. त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून मिळवलेले. १८८४ नंतर मात्र काहीच नाही. विसाव्या शतकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोध घेतला, तोही फुकट गेला. रानपिंगळा संपला, असंच बरेच जण मानू लागले.

एकच धागा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला एक नमुना. चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञाने तो बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की चिठ्ठी खोटी आहे. ते डेव्हिडसनने तयार केलेलं जुनं कातडं होतं. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेलं, पुन्हा भरलेलं आणि नवीन नावगाव चिकटवलेलं. एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना चुकीच्या ठिकाणी पाठवलं होतं.

मग रासमुसेन आणि तिचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून निघाले. आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या, काही मिळालं नाही. मग नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ ला, सकाळच्या लख्ख उजेडात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी! तो दिवसाही वावरणारा पक्षी आहे, सागाच्या विरळ जंगलात राहतो. त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, अगदी २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. धोक्याच्या यादीतून मात्र तो अजून बाहेर आलेला नाही. जंगल तुटतंय, जुनी ढोलीची झाडं कमी होतायत.

आणि दुसरं घुबड? २०१३ मध्ये ओमानच्या डोंगरात पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्या मंडळींना रात्री एका घुबडाचा अनोळखी आवाज ऐकू आला. नवी जात म्हणून त्याला नावही मिळालं. मग २०१५ मध्ये म्युझियममधलं ते ओरमाऱ्याचं कातडं नीट तपासलं गेलं, डीएनएसुद्धा. निघालं काय, तर ओमानचं घुबड आणि ह्यूमचं घुबड एकच! इतकी वर्षं ज्याला सगळे ह्यूमचं घुबड समजत होते, तीच जात वेगळी होती.

बघा म्हणजे. ज्या ग्रंथासाठी त्याने आयुष्य घातलं तो रद्दीत गेला. आणि पक्ष्याच्या पायाला बांधलेली बोटभर चिठ्ठी शंभर वर्षांनी कामाला आली. का? कारण तिच्यावर जागा आणि तारीख खरी होती.

आता हे तुम्हाला का सांगतेय? कारण बंदुकीशिवायही ही चिठ्ठी लिहिता येते. आज संध्याकाळी दिवेलागणीला कॉलेजच्या आवारातल्या जुन्या वडा-पिंपळाखाली, आंब्याच्या ढोलीजवळ दहा मिनिटं शांत उभे राहा. खोडावर पांढरे ओघळ दिसले, खाली हाडं आणि केसांच्या वाळक्या गोळ्या पडलेल्या दिसल्या, तर वर कोणीतरी राहतंय. दिवसा बुलबुल आणि कोतवाल एकाच फांदीकडे बघून कालवा करत असतील, तर तिथे नीट बघा. पिंगळा बहुतेक आधीच तुमच्याकडे बघत असेल.

बघताना काही गोष्टी टाळा. डोळ्यांवर टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका. मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलावू नका, त्याला वाटतं हद्दीत दुसरा कोणी शिरला, आणि बिचारा शिकार सोडून भांडायला येतो. ढोलीत हात घालू नका. घरट्याची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, विशेषतः दिवाळीच्या आसपास. घुबड अशुभ म्हणणारी माणसं आहेत, आणि काळ्या जादूसाठी ते पकडणारीही आहेत. घुबड पकडणं, विकणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आजीलाही सांगा आणि होस्टेलच्या वॉचमनकाकांनाही.

आणि घरी आलात की लिहा. तारीख, वेळ, जागा, झाड, काय करत होता. दिसला नाही तर तेही लिहा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका, माइनर्ट्झहागेन होऊ नका. आपली वही शंभर वर्षांनी कोणी उघडेल की नाही, कोणास ठाऊक. ब्लुइटला तरी कुठे माहीत होतं!