अंतरीच्या प्रकाशाचे साधक : सोहिरोबानाथ आंबिये

ईश्वराची जाणीव माणूस उपजतच घेऊन येतो, की ती बाहेरून शिकवावी लागते? अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विचारवंत या प्रश्नावर हिरिरीने वाद घालत होते. जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते, असे जॉन लॉकचे प्रतिपादन. तर संगमरवरात मुळातच रेषा असाव्यात तशी काही तत्त्वे मनात आधीच असतात, असे लायब्निट्सचे मत. त्याच सुमारास, १७१४ साली, पेडणे महालातील पालये गावी अच्युत आंबिये यांचा जन्म झाला. या वादाची वार्ताही नसताना त्यांनी त्याच प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जगण्यातून दिले.

पेडणे, डिचोली हे प्रदेश तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. आंबिये कुटुंब बांद्याला स्थायिक झाले आणि कुलकर्णीपद सोहिरोबांकडे आले. वयाच्या पस्तिशीत, दरबारच्या बोलावण्यावरून सावंतवाडीस जाताना, इन्सुलीच्या रानात ते फणस खाण्यास बसले. तेथे एका सिद्धाने येऊन त्यातील वाटा मागितला. ते गहिनीनाथ होते, अशी परंपरेची श्रद्धा आहे. या भेटीनंतर सोहिरोबांनी कुलकर्णीपद सोडले.

गुरू भेटला म्हणजे ज्ञान बाहेरून आले, असे कोणी म्हणेल. सोहिरोबांची शिकवण मात्र निराळी आहे. आपल्या सुप्रसिद्ध पदात ते अंतरीचा दिवा लावण्यास सांगत नाहीत. तो मालवू नये, एवढेच बजावतात. दिवा मुळातच तेवत आहे, हे त्यात गृहीत आहे. मग माणूस अंधारात का चाचपडतो? अहंकार आणि विषयासक्ती यांनी तो प्रकाश झाकला जातो म्हणून. गुरू नवे काही देत नाही. झाकण तेवढे दूर करतो. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘अद्वयानंद’ हे त्यांचे ग्रंथ याच अद्वैतानुभवाचे आहेत.

या श्रद्धेची कसोटी उत्तर हिंदुस्थानात लागली. पेडण्यातील केरीचे सुपुत्र जिवबादादा केरकर महादजी शिंदे यांचे सेनानी होते. त्यांच्यामुळे सोहिरोबा महादजींना भेटले. महादजींनी दाखविलेल्या स्वरचित काव्याची त्यांनी स्तुती केली नाही आणि राजरोषाचीही पर्वा केली नाही, अशी आख्यायिका आहे. ज्याचे धन अंतरीच आहे, त्याला दरबाराकडे काय मागायचे?

१७९२ साली उज्जैनच्या मठातून ते निघून गेले. पुढे त्यांचा ठाव लागला नाही. पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. विद्यार्थ्याचे मन कोरे नसते, त्यात प्रकाश आधीच असतो, याची आठवण विद्यामंदिराच्या दारावरील या नावाने रोज व्हावी.