खराट्याचे कीर्तन : श्री संत गाडगेबाबा



उत्सव जवळ आला की सेवेकऱ्यांचा प्रश्न पुढे येतो. दर्शनाची रांग वर्षागणिक वाढते, पण पंगतीत वाढणारे आणि नंतर मांडव झाडणारे हात मात्र तेवढे वाढत नाहीत. अशा वेळी ज्यांचे स्मरण करावे असे सत्पुरुष म्हणजे श्री संत गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. मायलेकरे दापुरे येथे मामांच्या आश्रयास आली. गुरे राखणे, शेतीत राबणे हेच डेबूजींचे शिक्षण. पुढे मामांच्या निरक्षरतेचा फायदा सावकाराने घेतला व जमीन गेली. व्यसन, अज्ञान आणि कर्ज ही गरिबांच्या दुःखाची तीन मुळे त्यांनी अशी घरातच पाहिली. म्हणूनच मुलीच्या बारशाला जातीच्या प्रथेप्रमाणे दारू व मटण न देता त्यांनी गोड जेवण घातले.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती मातीचे गाडगे व दुसऱ्या हाती खराटा, एवढाच संसार. गावात शिरताच कोणाला न विचारता ते रस्ते झाडू लागत, गटारे उपसत. आधी लोक नुसते पाहत उभे राहत, मग संकोचून एकेक जण हाती झाडू घेई. रात्री वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारत कीर्तन होई. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, अस्पृश्यता पाळू नका, हे सारे त्यात येई. कोणी पाया पडू लागल्यास ते त्याला अडवीत.

लोकांच्या दानातून पूर्णेकाठी ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरचे श्रीविठ्ठल मंदिर सर्वांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी ज्यांना कोठेच थारा नव्हता अशा वारकऱ्यांसाठी बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवली. एवढ्या वास्तू उभारूनही स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी त्यांचा लाभ घेऊ दिला नाही. आपणा विश्वस्तांना विचार करावयास लावणारी ही गोष्ट आहे.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. पंढरीस जाऊनही बाबा गाभाऱ्याकडे न वळता वाळवंट झाडीत व यात्रेकरूंची सेवा करीत, असे सांगितले जाते. मंदिराचे काम पाहणाऱ्यांनी याचा अर्थ काय घ्यावा? आमच्या अल्पमतीस वाटते ते असे : देवळाच्या पायरीशी आलेला थकलाभागला माणूस हेच त्यांचे दर्शन होते. त्याची व्यवस्था न करता केलेली पूजा अपुरी राहते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. १९९८ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००० साली त्यांच्या नावाने महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले.

होळकरांच्या काळापासून मराठी माणसे या इंदूर नगरीत नांदत आहेत. आज आपल्या मंदिरात माळवी, सिंधी, गुजराती भाषिक भाविकही श्रद्धेने येतात. काहींना आरतीचे शब्द ठाऊक नसतील, पण पाण्याचा तांब्या भरून देण्यास किंवा चपलांची रांग नीट लावण्यास एक भाषा असावी लागत नाही. आजवर आपण त्यांना दर्शनाला या म्हणालो. सेवेला या, असे कितीदा म्हणालो? जुन्या सेवेकऱ्यांचे गुडघे आता कुरकुरतात. त्यांच्या शेजारी नवे हात उभे राहिले नाहीत, तर ही परंपरा पैसे देऊन करून घ्यावयाचे काम होऊन बसेल.

तरी प्रत्येक सभासदाने यंदाच्या उत्सवात एक तास सेवेस द्यावा आणि आपल्या गल्लीतील एका अमराठी कुटुंबास सोबत आणावे, ही नम्र विनंती. कार्यालयातील वहीत नाव नोंदवावे. खराटे मंदिरात ठेवलेले आहेत.

आपला नम्र,
चिटणीस, विश्वस्त मंडळ