सिल्व्हन गोल्डमन

सिल्व्हन नेथन गोल्डमन (१५ नोव्हेंबर, १८९८ – २५ नोव्हेंबर, १९८४) हे अमेरिकेतील किराणा व्यापारी व उद्योजक होते. मोठ्या दुकानांत वापरल्या जाणाऱ्या चाकांच्या खरेदीगाडीचे (शॉपिंग ट्रॉलीचे) जनक म्हणून ते ओळखले जातात. रस्त्यांवर व वसाहतींत बेवारस पडलेल्या गाड्यांचा नागरी प्रश्न याच साधनाच्या प्रसारातून पुढे उद्भवला.

प्रारंभिक जीवन

गोल्डमन यांचा जन्म आर्डमोर येथे एका ज्यू स्थलांतरित कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा इंडियन टेरिटरीतील चिकासॉ नेशनमध्ये होते. ओक्लाहोमा राज्याची स्थापना १९०७ साली झाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये सैनिकी सेवा केली. युद्धानंतर त्यांनी टेक्सासमध्ये फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यापार केला, परंतु तो टिकला नाही. पुढे बंधू आल्फ्रेड यांच्यासह त्यांनी टल्सा येथे सन ग्रोसरी ही दुकानांची साखळी उभारली व १९२९ मध्ये ती विकली. त्याच वर्षीच्या शेअर बाजारातील घसरणीत त्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर ते ओक्लाहोमा सिटीत आले आणि स्टँडर्ड व हम्प्टी डम्प्टी या दुकानसाखळ्यांचे मालक झाले.

खरेदीगाडीची निर्मिती

स्वयंसेवा दुकानांत ग्राहक हातात टोपली घेऊन फिरत. टोपली जड झाली की खरेदी थांबत असे. गोल्डमन यांना घडीच्या खुर्चीवरून उपाय सुचला. तंत्रज्ञ फ्रेड यंग यांच्या साहाय्याने त्यांनी चाके लावलेला, घडी होणारा धातूचा सांगाडा तयार केला. त्यावर एकाखाली एक अशा दोन तारेच्या टोपल्या बसत. वापरानंतर टोपल्या एकात एक रचून ठेवल्या जात व सांगाड्याची घडी केली जाई.

४ जून, १९३७ रोजी ही गाडी ओक्लाहोमा सिटीतील दुकानांत आली, परंतु ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तरुण स्त्रियांना ती बाबागाडीसारखी वाटली, तर पुरुषांना ती ढकलणे दुबळेपणाचे लक्षण वाटले. तेव्हा गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयांचे स्त्री-पुरुष पगारावर नेमून त्यांना दुकानात गाड्या ढकलत खरेदी करावयास लावले. त्यांचे अनुकरण होऊन गाडी रूढ झाली. घडीच्या गाडीचे एकस्व (पेटंट) त्यांना १९४० साली मिळाले. गाड्यांच्या उत्पादनासाठी त्यांनी स्वतंत्र कंपनीही काढली.

वॉटसन यांच्याशी वाद

१९४६ मध्ये कॅन्सस सिटी येथील ऑर्ला वॉटसन यांनी मागील बाजू बिजागरीवर उचलली जाणारी गाडी तयार केली. त्यामुळे गाड्या न उकलता एकमेकींत सरकवून ठेवता येऊ लागल्या. गोल्डमन यांनीही तशीच गाडी काढल्याने एकस्वाचा वाद निर्माण झाला. अखेर तडजोड होऊन गोल्डमन यांनी आपला दावा सोडला व त्यांना उत्पादनाचा परवाना मिळाला. आजच्या गाड्यांची रचना वॉटसन यांच्या तत्त्वावर आधारलेली आहे.

बेवारस गाड्यांचा प्रश्न

वाहनतळापर्यंत गाडी नेण्याची मुभा मिळाल्याने ती दुकानाच्या आवाराबाहेर जाणे सोपे झाले. ज्यांच्याकडे मोटार नाही असे ग्राहक सामान घरी नेण्यासाठी तिचा उपयोग करतात, तर बेघर माणसे तीत आपले सर्व सामान ठेवतात. अशा गाड्या पदपथ अडवतात, ओढ्या-नाल्यांत पडतात व त्या उचलण्याचा भार नगर प्रशासनावर येतो. कॅलिफोर्नियातील कायद्यानुसार गाडीवर मालकाची माहिती असल्यास नगर प्रशासन त्याला सूचना देते. तीन कामकाजी दिवसांत ती नेली नाही तर प्रशासन ती जप्त करू शकते. युरोपातील अनेक दुकानांत नाणे टाकल्यावरच गाडी सुटते व ती जागेवर परत लावल्यावर नाणे मिळते. काही ठिकाणी आवाराची सीमा ओलांडताच चाक अडकवणारे कुलूप वापरले जाते. दंड व कुलुपांमुळे गाड्यांची गळती कमी होऊ शकते. मात्र वाहन नसलेल्या ग्राहकाने आठवड्याचा किराणा घरी कसा न्यावा, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही.

उत्तरायुष्य

गाड्यांच्या व्यवसायातून व स्थावर मालमत्तेतून गोल्डमन यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि समाजोपयोगी संस्थांना देणग्या दिल्या. ओक्लाहोमा ब्लड इन्स्टिट्यूट या रक्तपेढीच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. टेरी विल्सन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.