विश्लेषण : आकाशवाणीची ओळखधून बांधणारे वॉल्टर कॉफमन कोण होते?

पहाटे रेडिओ लावला की बातम्यांच्याही आधी कानावर यायची ती तंबोऱ्याच्या साथीने वाजणारी व्हायोलिनची धून. भिवंडीच्या चाळींपासून कोकणातल्या वाड्यांपर्यंत कित्येक पिढ्यांचा दिवस या सुरांनी सुरू झाला. ही धून बांधण्याचे श्रेय दिले जाते ते नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या एका ज्यू संगीतकाराला. त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन.

मुंबईत कसे आले?

कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये कार्ल्सबाड (आजचे चेक प्रजासत्ताकातील कार्लोवी वारी) येथे झाला. बर्लिनमध्ये त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले आणि तरुण वयातच ऑपेराचे संचालन सुरू केले. पुढे प्राग येथे डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. मात्र, आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचे काम करतात हे कळताच त्यांनी ती पदवीच नाकारली. ज्यूंना जर्मनीत काम मिळणे अशक्य झाले होते. भारताचा व्हिसा सहज मिळत होता, म्हणून १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले.

भारतीय संगीताशी नाते कसे जुळले?

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगले नव्हते. पण हे संगीत लाखो लोकांना भावते, त्याअर्थी उणीव आपल्या कानांत आहे, असे मानून ते शिकायला बसले. आल्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. तीत मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील) व्हायोलिन, एडिजिओ वेर्गा चेलो आणि कॉफमन स्वतः पियानो वाजवत. मे १९३७ पर्यंत सोसायटीच्या १३६ मैफली झाल्या. त्यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही काम केले.

धुनेचे वेगळेपण काय?

१९३७ ते १९४६ या काळात कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख होते. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून रचना उभी राहते. आपल्याकडे षड्जाच्या आधारावर एकच स्वररेषा फुलत जाते. ओळखधुनेत कॉफमन यांनी आधार तंबोऱ्याचा घेतला, वाद्य पाश्चात्त्य ठेवले आणि सुरावट कोमल गंधाराच्या शिवरंजनी रागावर बेतली. १९३९ मध्ये त्यांचा ‘अनसूया’ हा रेडिओ ऑपेराही प्रसारित झाला.

ही सांस्कृतिक मुत्सद्देगिरी कशी?

आज सरकारे कलापथके परदेशी पाठवतात आणि करारांवर सह्या करतात. कॉफमन यांच्यामागे ना दूतावास होता ना सरकार. मार्च १९३९ मध्ये तर हिटलरने प्राग ताब्यात घेतले आणि त्यांचा देशच नकाशावरून पुसला गेला. तरीही मुंबईला बीथोवन ऐकवता ऐकवता ते स्वतः राग शिकत होते. फक्त आपले दाखवायचे असते, तर तो प्रचार ठरला असता. समोरच्याचे शिकून घेतल्यामुळेच ही देवाणघेवाण टिकली.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले आणि १९४८ पासून जवळपास दशकभर त्यांनी विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले. त्यानंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ते संगीतशास्त्र शिकवू लागले. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ (१९६८) आणि ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ (१९७६) हे त्यांचे ग्रंथ म्हणजे मुंबईत सुरू झालेल्या अभ्यासाचे फळ. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतेक रचना पुढे विस्मरणात गेल्या. टोरंटोच्या ‘एआरसी एन्सेम्बल’ने २०२० मध्ये त्यांतील काहींचा अल्बम काढला, तेव्हा जगाला त्यांची नव्याने ओळख झाली. भारतात मात्र त्यांचे नाव ठाऊक नसलेल्यांनाही त्यांची धून पाठ आहे.